उसना खोकला

आमच्या आत्येचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. ह्या माणसाकडे स्वतःचं असं काही म्हणजे काहीच नाही. चाल पोस्टमनची, हसणं कोळंबीच्या व्यापाऱ्याचं, आणि शिंक तर चक्क आमच्या आत्येची! बघितलं की उचललं, हा त्यांचा जन्माचा धंदा. पोहायला ते म्हशीकडे बघून शिकले; आजही आचऱ्याच्या खाडीत मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, फुर्र फुर्र करत जातात आणि म्हशी त्यांना आदराने वाट देतात. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी ओरोसच्या सरकारी कचेरीत गेले, ते तिथल्या साहेबालाच अंगात घेऊन आले. आत्येने बाजारातून मासे आणायला सांगितलं, तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून शुद्ध मराठीत म्हणाले, "उद्या या." आत्या कसली ऐकतेय! "मगे जेवकय उद्याच येवा!"

पण एकदा त्यांची खरी पंचाईत झाली. गावदेवाला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान एका म्हाताऱ्या मानकऱ्यांचा. त्यांना दमा. अर्ध्या वाक्यात छातीवर हात ठेवून खोकायचे, की सगळा गाव ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" हा खोकला आतोबा तिठ्यावर करून दाखवायचे आणि लोक पोट धरून हसायचे. पुढे मानकऱ्यांचा आवाजच गेला. दसऱ्याला त्यांचा पुतण्या गाऱ्हाण्याला उभा राहिला. एक शब्द चुकला नाही बिचारा, पण गाव आपला गप्प! खोकल्याशिवाय 'व्हय' कुठे म्हणायचं, कुणालाच कळेना. मग जत्रेला मानकऱ्यांनी खुर्चीतूनच बोट केलं, ते थेट आतोबांकडे.

आत्या म्हणाली, "देवाच्या दारात तरी नकला करू नकात हां!"

"माका हसले तर चलात गो," ते म्हणाले. "म्हाताऱ्याक हसले तर?"

नारळ घेऊन उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, दर्यात गेलेल्या तुझ्या लेकरांका..." आणि जन्मात साधी सर्दी न झालेला हा माणूस छातीवर हात ठेवून खोकला. अगदी तोच खोकला! मागे जराशी खुसखुस झाली. आणि मग देऊळ दणाणलं, "व्हय म्हाराजा!" खुर्चीतल्या मानकऱ्यांचेही ओठ हलले. मला रडूच आलं बाई.

मानकरी जाऊन आता वर्षं झाली. आतोबाही थकलेत, खाडीत उतरत नाहीत. परवा त्यांच्या घरापुढच्या खळ्यात शेजारच्या पोरी देव-देव खेळत होत्या. त्यांतल्या एकीनेही मानकऱ्यांना पाहिलेलं नाही. एकीने करवंटी पुढे धरली, गाऱ्हाणं घातलं, मधेच छातीवर हात ठेवला आणि खोकली. बाकीच्या किंचाळल्या, "व्हय म्हाराजा!"

आतोबा पायरीवर बसले होते. "म्हातारो खंय गेलो नाय गो," मला म्हणाले आणि टोपी काढून तिनेच डोळे पुसले. तसे डोळे पुसताना मी गावात दुसऱ्या कुणालाच पाहिलेलं नाही.