हर्मेलिंडाबाईंनी लिहून घेतलेली जबानी

आमच्या द्राक्षांच्या खोऱ्यात, चर्चमागच्या खोलीत, गरीब परदेशी लोकांना कागदपत्रांसाठी फुकट मदत करणारी संस्था आहे. वकील एकच, बाकी सगळं हर्मेलिंडा. बाईंचा जबडा डावीकडे सरकलेला. आमच्या मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातून इथं कॅलिफोर्नियात आलेला जो तो तिच्यासमोर बसून गेलाय. मी तीनदा बसलो. तिसऱ्यांदा नुसता गप्पा मारायला गेलो, तर हाकलून दिलं!

माझा कोंपाद्रे क्रिसोफोरो, म्हणजे त्याच्या थोरलीचा मी धर्मपिता, वेलींच्या छाटणीला जातो. फेब्रुवारीत तिघांनी त्याला शेताच्या कडेला गाठून लुटलं. हात मोडला, चार दात गेले, अर्धा कान गेला. पण आमच्याकडे पुरुष मार खाल्ल्याचं कबूल करतो होय? कानावर रुमाल दाबून पोलिसाला म्हणतो, "दोघांना लोळवलं, तिसरा पळाला. कोण होते ठाऊक नाही." पोलिसानं लिहिलं, आपसातली मारामारी.

पाच आठवड्यांनी, राहायचे कागद नाहीत म्हणून, त्याला देशाबाहेर काढायची नोटीस आली. बायको नातिविदाद आणि दोन्ही मुली इथंच राहणार, हा एकटा जाणार. मी त्याला धरून हर्मेलिंडाकडे नेलं, नातिविदादही आली.

ती म्हणाली, "असा हल्ला झालेल्या माणसानं पोलिसांना मदत केली, तर राहायचा व्हिसा मागता येतो. त्यावर पोलिसांची सही लागते. आणि तुझ्या कागदावर तू पैलवान आहेस."

"होतोच!"

"तोंड उघड. हे दात काय त्यांच्यामागं धावताना सांडलेस?"

मी खो-खो हसलो.

"फर्मिनकाका, तोंड मिटा, नाहीतर बाहेर जा."

मी मिटलं.

"बाई, मी सांगते," नातिविदाद म्हणाली, "रक्त मीच धुतलं..."

"तू गप्प बस!" त्यानं प्लास्टरचा हात टेबलावर आदळला.

हर्मेलिंडानं ड्रॉवरमधून जुना कागद काढला आणि बाजाराची यादी वाचावी तसा वाचला. स्वतःचीच जबानी होती. 'नवऱ्यानं तव्यानं माझा जबडा फोडला. मी पलंगाखाली शिरले. त्यानं केसांना धरून ओढलं. मी कपड्यात मुतले. त्याचे पाय धरून म्हटलं, माझं चुकलं. माझं काही चुकलं नव्हतं.'

"याच्यावर मी या देशात राहिले," ती म्हणाली. "आता तुझं सांग."

त्यानं प्लास्टरचा हात टेबलावरून खाली घेतला. मग सुटलाच. लोखंडी पाइप पाठीमागून आला. दुसऱ्या फटक्यात हाड कडकन मोडलं. छातीवर गुडघा देऊन एकानं तोंडावर बूट हाणला. एक दात त्यानं गिळला. कान कापताना ते हसत होते.

"मी एकालाही हात लावला नाही. चाळिशीचा बाप्या मी, आईला हाका मारत होतो. आणि कापणाऱ्याला मी ओळखतो. आमच्या मुकादमाचा मेहुणा."

हर्मेलिंडा टाइप करत होती. "आईला किती हाका?"

"मोजल्या नाहीत, बाई."

"मग 'अनेक' लिहिते."

दुसऱ्या दिवशी हर्मेलिंडा ती जबानी आणि आम्हाला घेऊन ठाण्यात गेली; पोलिसांनी सहा फोटो मांडले. क्रिसोफोरोचं बोट मेहुण्याच्या तोंडावर टेकलं ते हललं नाही. बाहेर येऊन तो भडाभडा ओकला. हर्मेलिंडा त्याची टोपी धरून उभी होती.

उन्हाळ्यात सही आली. व्हिसाला वर्षं लागतील, पण त्या सहीच्या जोरावर वकिलानं देशाबाहेर काढायची सुनावणी थांबवली. हर्मेलिंडानं क्रिसोफोरोला फोन केला तेव्हा आम्ही वेली बांधत होतो.

"राहिलास रे, इथंच राहिलास!" ती इतकी ओरडली, की शेजारच्या तीन ओळींतली माणसं काम टाकून धावत आली.