पायरीवरची खुर्ची

"हात फिरवलास ना?"

"फिरवला म्हणजे काय गं? टाचण्या मारताना कडा सारख्या केल्या."

"आई, मी कडांचं विचारत नाहीये."

"मग कशाचं? सकाळी सकाळी वकिलासारखी उभी राहिलीयस."

लेकीने भिंतीवरचं चित्र उतरवलं, पालथं केलं आणि आईचं बोट धरून कागदाच्या पाठीवरून फिरवलं. "बघ. लहान मुलं पेन दाबून धरतात, मागून रेघ हाताला लागते. ही लागते, ही लागते... आणि या दोन? गुळगुळीत. एवढा हलका हात या शाळेत एकाच माणसाचा आहे."

"होता म्हण. रिटायर झाले मी."

एरवी या वाक्यावर लेक हसली असती. आज हसली नाही. तेव्हा कुठे आईने, म्हणजे रंगाच्या बाईंनी, टाचण्यांची डबी खाली ठेवली.

रंगाच्या बाई हे त्यांना मुलांनी दिलेलं नाव. खरं तर त्या या शाळेत लागल्या शिवण शिकवायला. चित्रकलेचा तास कुणालाच नको होता, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. पहिल्याच वर्षी प्रदर्शन भरलं. एका मुलाने सिंह काढला होता. त्याच्या वडिलांनी तो लांबूनच पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा सिंह आहे की उशी?" अख्खी खोली हसली. मुलगाही हसला. मग बाकामागे जाऊन त्याने चित्राचे बारीक बारीक तुकडे केले आणि खिशात भरले. ते बाईंनी पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, आपल्या वर्गातल्या मुलाला पुन्हा कुणी हसायचं नाही.

पुढच्या वर्षी सिंहांना आयाळी आल्या. झाडांचे बुंधे ताठ झाले, घरांची छपरं सरळ झाली. प्रदर्शनाच्या आधी मुलं कागद घेऊन रांग लावायची, "बाई, हात फिरवा ना!" बाई इथे एक रेघ, तिथे एक सावली करत जायच्या आणि कागद उजळायचा. गावातल्या कितीतरी घरांत मुलाचं नाव लिहिलेली फ्रेम लटकते आणि प्रत्येक फ्रेममधल्या फुलाची पाकळी डावीकडे जराशी मुडपलेली असते. ती बाईंची पाकळी. पाहुणे म्हणून कुठे गेल्या की वाकडी फ्रेम त्या सरळ करतात आणि मगच बसतात. नवरा म्हणतो, "हिच्यासमोर मी मान तिरकी करून बसत नाही, धरून सरळ करेल."

आता त्याच खोलीत लेक शिकवते. नेमणूक तात्पुरती आहे. प्रदर्शन बघून शिफारस पुढे पाठवू, असं हेडसर म्हणाले होते. काल दुपारी लेक सरांच्या मीटिंगला गेली आणि बाई एकट्याच चित्रं लावत बसल्या. चित्रं कसली? कुठे सहा पायांचं स्टूल, कुठे आजोबांच्या रेडिओला खिसा शिवलेली आरामखुर्ची. सगळं वेडंवाकडं. बाईंचा जीव टांगणीला लागला. पोरीची नोकरी या असल्या भिंतीवर ठरणार! बाकीच्यांना त्यांनी कसंबसं सोडलं. पण मधोमध जी खुर्ची होती तिचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा निम्मे होते, आणि खाली कसलीशी नागमोडी रेघ ओढलेली. बघणाऱ्याला पहिली तीच दिसणार होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीच्या टेबलावरचं पेन उचललं.

"काही खोडलं नाही मी," आता त्या म्हणाल्या. "दोन पाय वाढवले. खाली थोडं गवत केलं पोस्टर कलरने. केवढी उठून दिसतेय बघ तरी!"

"कुणाची आहे माहितीये? खोडरबरची."

त्या मुलीला बाई ओळखत होत्या. त्यांच्या शेवटच्या वर्षी ती पहिलीत होती. एक रेघ काढायची, दोनदा खोडायची, कागद फाटेपर्यंत खोडायची. मुलांनी तिचं नावच खोडरबर ठेवलं.

"तिने स्वतःहून आणून दिलं मला ते खोडरबर," लेक म्हणाली. "म्हणाली, बाई, तुमच्याकडे ठेवा, मला पेन द्या. मी म्हटलं, मागशील तेव्हा परत देईन. त्यानंतर काढलेलं हे पहिलं चित्र. पूर्ण झालेलं पहिलं, आई! आणि मी तिला शब्द दिला होता, जसंच्या तसं लागेल."

"अगं, पण खुर्ची कलंडली असती ना ती!"

"सपाट जमिनीवर कलंडली असती. मी सांगितलं होतं, घरातलं एक माणूस बघा, त्याला बसायला काय अडचण येते ते बघा आणि त्याच्यापुरतं आसन काढा. हिची आजी संध्याकाळी दाराबाहेरच्या जिन्यात बसते. घरात उजेड नाही. खाली पायरीवर बसली की गुडघ्यांमुळे उठता येत नाही. म्हणून पुढचे पाय खालच्या पायरीवर आणि मागचे वरच्या पायरीवर. ती नागमोडी रेघ दिसली ना तुला? ज्याच्यावर तू गवत उगवलंस? त्या पायऱ्या आहेत."

बाईंनी चित्र जवळ ओढलं आणि गवताखाली ती रेघ शोधली.

"मला विचारायचंस तरी," लेक म्हणाली.

"मला वाटलं... लोक हसतील गं."

"आणि हसले असते तर मी काय तिथे नव्हते?" लेकीचा आवाज चिरकला. "घरातलं माझं बक्षिसाचं चित्र मी उतरवलं होतं, आठवतं? मी म्हणाले, खिळा सैल झालाय. खिळा घट्ट होता, आई. मी पाठीमागून बोट फिरवलं होतं."

बाईंनी फडकं भिजवलं आणि गवत पुसायला घेतलं. हिरवा रंग सुटला, पसरला, चिखल झाला. त्याखालून पायऱ्यांची रेघ पाण्यात बुडाल्यासारखी अंधुक दिसू लागली. पेनाचे पाय मात्र हलेनात. ते खोडता येत नाहीत म्हणून तर पेन दिलं होतं.

एवढ्यात हेडसर पालकांना घेऊन आत आले. बाईंनी घाईने चित्र पुन्हा टाचलं.

"वा! ही खुर्ची बघा! पावसातल्या अंगणात ठेवल्यासारखी. बाई, तुमचा हात लेकीच्या वर्गात उतरलाय हो."

"उतरला नाही, सर. माझाच आहे तो. चांगली खुर्ची होती, मी बिघडवली."

"ऐका!" सर पालकांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात विनय." आणि पुढच्या स्टुलाकडे गेले.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर वळवली.

खोडरबर एकटीच आली. आजी फाटकापाशी थांबली होती. आधी चित्र लागलंय ते स्वतः बघून मग आजीला आणायचं, असं त्या दोघींचं ठरलेलं असावं. मुलगी धावत आली आणि भिंतीच्या दोन हात अलीकडे थांबली. चित्राखाली तिचंच नाव होतं. तिने नाव वाचलं, खुर्ची पाहिली, पुन्हा नाव वाचलं. आजूबाजूचे पालक म्हणत होते, "छान आहे गं, तुझी का?" कुणीही हसलं नाही.

बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. गुडघे कडाडले.

"बाळ, हे मी केलं. मला पायऱ्या कळल्या नाहीत. तुझी खुर्ची बरोबर होती."

मुलीने त्यांच्या नखातला हिरवा रंग पाहिला. मग त्यांना वळसा घालून ती टेबलाकडे, लेकीपाशी गेली.

"बाई, माझं खोडरबर द्या."

लेक काहीतरी बोलायला गेली. पण शब्द दिलेला होता. तिने खण उघडला आणि कोपरे झिजलेला तो तुकडा मुलीच्या तळहातावर ठेवला.

"दुसरी काढशील ना?" रंगाच्या बाई अजून खालीच होत्या. "मी नवा कागद देते. बोटसुद्धा लावणार नाही. खोलीत थांबणारसुद्धा नाही, तू म्हणशील तर. काढशील ना गं?"

मुलीने मूठ मिटली, पालकांच्या मधून वाट काढली आणि दाराबाहेर निघून गेली.