उपासाला चालणारं सूप

सासूबाई पुण्याहून जपानात, आमच्याकडे निशी-कसाईला आल्या त्या तापाचं बोचकं घेऊनच. ताप चार दिवसांत उतरला, पण अंगात ताकद म्हणून येईना, आणि तेवढ्यात नवरात्र बसलं. नऊ दिवसांचे उपास त्या लग्न झाल्यापासून करतात, एकही चुकलेला नाही. साबुदाण्यानं पित्त होतं, म्हणजे राहिलं काय, तर केळं आणि कपभर दूध. तिसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टसमोर त्यांना चक्कर आली. मी शेजारी होते म्हणून सावरलं.

नवरा आठवडाभर कामासाठी ओसाकाला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, उपास सोडा, नाहीतर आजच्या आज तुमचं परतीचं तिकीट काढते. माझी कसली डोंबलाची हिंमत तिकीट काढायची! पण तोंड सुटलं की मला आवरत नाही. सासूबाई खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

फणकाऱ्यातच खाली कचरा टाकायला गेले, तर समोरच्या घरातली चिनी शेजारीण भेटली. दोघींचंही जपानी मोडकं, त्यामुळे आमचं फार छान जमतं. तिला सगळं सांगितलं. धान्य आणि कांदा-लसूण सोडून काय चालतं तेही सांगितलं, निदान मला वाटलं की सांगितलं. अर्ध्या तासात बाई चार पुड्या घेऊन दारात हजर. तिच्या आईकडे शरद ऋतूत आजारी माणसाला भोपळ्याचं सूप देतात, त्यात घालायची औषधं. लाल खजूर, बेदाण्याएवढी लालभडक गोजी, कुठल्याशा मुळाच्या आइस्क्रीमच्या काडीसारख्या चकत्या, आणि पांढरे टपोरे दाणे. मुळाच्या चकत्या उकळून काढून टाकायच्या, हे तिनं तीनदा बजावलं.

मी पुड्या ताटलीत मांडून सासूबाईंचं दार वाजवलं. भांडण असो नाहीतर काही असो, उपासाला काय चालतं हा प्रश्न विचारला की आमच्या सासूबाईंना न्यायाधीशाची खुर्ची मिळते. लाल भोपळा चालतो, प्रश्नच नाही. खजूर चालतो. मूळ म्हणजे कंदमुळात आलं, पास. गोजी फळ आहे, पास. पांढरे दाणे त्यांनी बोटानं उलटेपालटे केले. मी ठासून म्हटलं की हे कमळाचं बी. शेजारीण मागे कधीतरी कमळाच्या बियांबद्दल बोलली होती, तेवढाच माझा आधार.

इथला भोपळा दगडासारखा. तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तेव्हा कुठे सुरी आत शिरली. दाणे आणि चकत्या आधी उकळल्या, पाणी पिवळसर झाल्यावर चकत्या काढल्या, मग भोपळा, खजूर, आल्याचा तुकडा, सैंधव. गोजी अगदी शेवटी. घरभर गोडसर, मातकट वास सुटला. वाटी हातात दिली आणि समोर बसून राहिले. सासूबाईंनी एक घोट घेतला, दाणा चावला, थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मग दोन वाट्या संपवल्या. गालांवर रंग आला हो! मला तर नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी लेक शाळेतून आली. दहा वर्षांची आहे, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. तिनं ओट्यावरची रिकामी पुडी उचलून वाचली आणि म्हणाली, हे तर त्या चहाचं धान्य, जो तू रोज कोनबिनीच्या दुकानातून आणतेस. मागे चित्रही होतं, ज्वारीसारखी कणसं आलेलं गवत. मी उरलेला एक दाणा हातात घेऊन बघितला. पोटावर चीर, गव्हासारखी.

इतक्या वर्षांचा उपास मी मोडला होता, तोही छातीठोकपणे खोटं सांगून. गप्प बसावं असं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण पाय आपोआप त्यांच्या खोलीकडे वळले, आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

“अगं, दाताखाली आलं तेव्हाच कळलं मला. धान्याची चव काय मला नवीन आहे?”

“मग टाकून का नाही दिलंत?”

“वाटी देऊन तू समोरून हलली नाहीस, माझा एकेक घोट मोजत बसलीस. मी सकाळपासून समजत होते, ही माझ्यावर चिडलीय. तू घाबरली होतीस गं.”

मला रडूच फुटलं. खरंच घाबरले होते. त्यांना काही झालं तर या परक्या गावात मी एकटी काय करणार होते, आणि त्यांच्याशिवाय पुढे तरी काय करणार होते, हे मला स्वतःलाच तोवर कळलं नव्हतं.

सासूबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “आता मोडलाच आहे तर नीट मोडू. मऊ भात लाव. वर तूप घाल.”

मी नाक पुसत तांदूळ धुवायला घेतले. मागून आवाज आला, एका वाटीनं होणार नाही, दोन घे.