वाचनालय, मूळ होतं तसं

आज सकाळी संक्रांतीच्या लाडवांसाठी कढईत गूळ विरघळत ठेवला होता. पाक फसफसू लागला, त्याचा गोड, किंचित करपट वास घरभर पसरला आणि मी हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिले. गुळाच्या वासानं कुणाला गुऱ्हाळ आठवतं, कुणाला आजोळ. मला परांची आठवते. गावातल्या आमच्या जुन्या वाचनालयाचं काम चाललं होतं तेव्हा तिथं हौदात चुना भिजत पडलेला असे आणि त्यात गुळाचं पाणी नि बेलफळाचा गर घालत. जुन्या चुनेकामाला सिमेंट सोसत नाही म्हणे. त्याला असं लाडाकोडानं खाऊपिऊ घालावं लागतं. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी तो वास येई, आणि आम्ही दोघं, मी आणि हे, तिथं बाहेरच उभे असायचो.

इमारत राणीच्या काळातली. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची, वर उतरतं कौलारू छप्पर आणि दर्शनी बाजूला एक ऐटबाज मनोरा, ज्यातलं घड्याळ मी कधी चालताना पाहिलं नाही. विलायतेतल्या एखाद्या गावात शोभावी अशी ती इमारत इथं तांब्यापितळेच्या दुकानांच्या गर्दीत येऊन उभी राहिली आणि बघता बघता पुरती नाशिककर झाली. हे पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. ऑफिस सुटलं की आधी वाचनालय, मग घर, हा त्यांचा नेम. लग्न झालं, मुलं झाली, तरी तो मोडला नाही. मी शिक्षिका; माझी शाळा सुटली की मीही तिथंच जाई, मग आम्ही बरोबर घरी येत असू. एकदा चिडून मी म्हणाले होते, "अहो, अंथरूणच टाका ना तिकडे." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "बाकं अरुंद आहेत गं." माणूस असा की घरात कशालाच जागचा हलायचा नाही, पण त्या इमारतीचं एक कौल फुटलं तरी याची झोप उडायची.

म्हणूनच, ती पाडून तिथं खाली दुकानांचे गाळे नि वर वाचनालय असं काहीतरी उभं करायची टूम निघाली, तेव्हा हे खवळले. चारचौघांत तोंड न उघडणारे हे सभासदांच्या सभेत उठून उभे राहिले. मी मागच्या रांगेत होते. यांचे हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट. "डागडुजी करायची तर मूळ होती तशी करा," हे म्हणाले. "इकडचा दगड तिकडे नको." पुढं अर्जविनंत्या, हेलपाटे, तज्ज्ञांच्या भेटी, सगळं झालं आणि इमारत वारसा म्हणून जाहीर झाली. त्या दिवशी यांनी पेढे वाटले. मुलाच्या बारशालाही मी यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

काम सुरू झालं आणि यांचं विसरणंही सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग घराकडे वळणारा रस्ता. औषधानं फार फरक पडणार नाही, डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि मनात वेगळाच हिशेब मांडला. रोज संध्याकाळी हे सदरा चढवून दाराशी उभे राहात, "चल, वाचनालय उघडलं असेल." मी घेऊन जाई. पत्र्याच्या फटीतून हे आत बघत आणि बाहेर आलेल्या गवंड्याला विचारत, "झालं का?" तेवढं एक ठिकाण काही यांच्या डोक्यातून पुसलं जात नव्हतं. मला वाटायचं, वाचनालय उघडू दे, यांना एकदा यांच्या जागेवर बसवते, म्हणजे माझा माणूस मला परत मिळेल. वेडगळ आशा होती, पण मी तिच्यावर दिवस काढले.

उघडलं तेव्हा सजवून, फुलांच्या माळा सोडून उघडलं. आत पाऊल टाकलं आणि माझेच डोळे दिपले. शहाबादी फरशी जाऊन खालची नक्षीची फरशी वर आली होती. पोटमाळा, लाकडी आडभिंती, ट्यूबलाइटी, सगळं गेलं होतं. कौलांचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या थेट छपरापर्यंत मोकळ्या दिसत होत्या. काम पाहणारी आर्किटेक्ट मुलगी उत्साहानं सांगत होती, "काकू, नंतरची भर सगळी काढून टाकली. आता अगदी मूळ होतं तसं आहे." खरंच सुंदर होतं. पण ती नंतरची भर म्हणजे आम्ही होतो. आमचं सगळं आयुष्य त्या आडभिंतींच्या आत गेलं होतं, आणि हे जे मूळ रूप होतं ते आज जिवंत असलेल्या कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. हे परक्याच्या घरी उभं राहावं तसे अंग चोरून उभे होते. "छान आहे," हे मला हळूच म्हणाले. "पण आता निघू या. आपलं वाचनालय बंद होईल." मला रडू फुटलं. कुणावर चिडायचं? यांनी मागितलं तेच यांना मिळालं होतं.

निघताना दाराआडच्या कोपऱ्यात हे एकदम थबकले. तिथं भिंतीवर वीतभर तुकडा जुन्या हिरव्या ऑइलपेंटचा तसाच होता. आधी काय होतं ते कळावं म्हणून एवढा नमुना मुद्दाम राखतात, असं ती मुलगी म्हणाली. यांनी त्यावर तळवा टेकवला. चेहरा कसा सैल झाला, ओळखीचा झाला. शेजारच्या बाकावर हे ऐसपैस बसले. मुलीनं विचारलं, "काका, पाणी आणू?"

"नको. आमच्या हिची वाट बघतोय," हे म्हणाले. "शाळेत शिकवते ती. शाळा सुटली की इथंच येते, मग आम्ही बरोबर घरी जातो."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. मग यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि हे सरकून बसले. "तुम्ही का उभ्या? बसा ना," हे म्हणाले. "ती येईपर्यंत बसा."

मी बसले. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे हे मान उंचावून बघत होते. थोड्या वेळानं मीही बघू लागले.