शाल-श्रीफळ स्वीकारले जाणार नाही

बावीस नऊवारी साड्या शिवून मी मोबदल्यात एक शाल आणि एक नारळ घेतला. तेही स्टेजवर, डोळ्यांत पाणी आणून. त्या वेळी मला नोकरी नव्हती आणि बेकारभत्त्याचे, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं अनएम्प्लॉयमेंट म्हणतात त्याचे, आठवडे मी मोजत होते. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे ती बाई शहाण्यासारखं काही बोलायला लागली तर तुम्ही एकदम तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. ती बाई म्हणजे मीच, काही वर्षांपूर्वीची. साठी उलटलेली, चष्मा गळ्यात टांगलेली आणि व्यवहाराच्या बाबतीत ठार अडाणी.

आमच्या कॅरी गावात एका औषध कंपनीत मी कागदपत्रं तपासायचे. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर एक पोरगा आला. त्याच्या मागे भिंतीवर सर्फबोर्ड टांगलेला. त्याने मला सांगितलं की माझी पोझिशन एलिमिनेट झालीय. मी म्हटलं, "थँक यू." बघा! नोकरी गेली आणि बाई थँक यू म्हणतेय. वर त्याला हॅव अ नाइस डे पण म्हटलं.

नवरा आधीच गेलेला. मुलगा बेलव्ह्यूला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याचा त्याच संध्याकाळी फोन आला.

"आई, सामान पॅक कर. खालची खोली तुझ्यासाठी रेडी आहे. सेपरेट बाथरूम आहे."

"अरे, मला अजून हातपाय आहेत."

"हो, म्हणून तर. मुलं पण तुझी वाट बघतायत. सेपरेट बाथरूम आहे, आई."

ती खोली मी बघितली होती. वाईट नव्हती. खिडकी जमिनीच्या पातळीला, तिच्यातून शेजारच्या कुत्र्याचे पाय दिसायचे. आणि नातवंडं माझी लाडकीच आहेत. पण लाडक्या नातवंडांना भेटायला जायचं असतं. कायमचं राहायला गेलं की आठवड्याभरात तुमची ड्यूटी फ्रिजवर चिकटवली जाते. शार्लटला, ऑस्टिनला, सगळीकडे गेलेल्या माझ्या मैत्रिणींची चिकटवली गेली होती. त्या फोनवर हळू आवाजात बोलायच्या, बाळ झोपलंय म्हणून.

मी मुलाला म्हटलं, "भत्ता संपेपर्यंत मला वेळ दे. तोवर या घराचं भाडं मी माझ्या शिलाई मशीनवर काढून दाखवलं तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर येते तुझ्या खोलीत."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

हे बोलले तेव्हा माझ्याकडे एक जुनं मशीन होतं, चर्चच्या सेलमधून आणलेलं, आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. पण काम किती पडून होतं ते मला ठाऊक होतं. इथल्या बायका लाखाची पैठणी घेतात आणि तिला फॉल लावायला कुणी नाही म्हणून ती कुणाच्या तरी बॅगेतून परत पुण्याला पाठवतात. ब्लाउज एका सुट्टीत शिवून आणतात, पुढच्या सुट्टीपर्यंत तो दंडात अडकतो. मी दोन-चार जणींना सांगितलं, फॉल-पिको करते, ब्लाउज सैल करून देते. तीन दिवसांत माझ्या सोफ्यावर बसायला जागा उरली नाही.

धंदा मात्र झाला नाही. कारण साडी घ्यायला आलेली बाई पर्स उघडून विचारायची, "काकू, किती झाले?" आणि माझ्या तोंडातून शिंक यावी तसं निघायचं, "अगं, पैसे कसले!" ती म्हणायची, "असं कसं काकू," मी म्हणायचे, "राहू दे गं," मग पर्स बंद. दोघींनाही बरं वाटायचं. पुढच्या वेळी ती परसातली झुकिनी, म्हणजे इथला काकडीसारखा दिसणारा भोपळा, घेऊन यायची. त्या उन्हाळ्यात मी झुकिनीचं थालीपीठ खाल्लं, झुकिनीचं भरीत खाल्लं, झुकिनीचा हलवासुद्धा करून बघितला. तो करू नका.

दर रविवारी भत्त्यासाठी कॉम्प्युटर विचारायचा, नोकरी शोधली का? काम केलं का? कमाई किती? नोकरी मी खरोखर शोधत होते. माझं वय कळलं की समोरची माणसं फार गोड बोलायची. काम केलं का, याला मी नाही म्हणायचे. शेजारणीच्या साडीला फॉल लावणं म्हणजे काय काम झालं का! हे मला तेव्हा मनापासून वाटत होतं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात केलं ते काम, हाताने घरात केलं ती मदत.

मग ऑगस्टमध्ये आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. गाडीची डिकी साड्यांनी भरलेली. गणपतीच्या मिरवणुकीत बावीस मुली लेझीम खेळणार होत्या, आणि सगळ्या इथेच जन्मलेल्या. नेसवायला गेलं तर साडी पहिल्या चौकातच सुटणार. म्हणून शिवलेली नऊवारी हवी, पायजम्यासारखी घालता येणारी, मागे काष्टा पक्का शिवलेला.

"काकू, तुम्हीच करू शकता. किती द्यायचे सांगा."

आणि मी, सोफ्यावर झुकिनी असलेली, प्रॉमिस केलेली मी, म्हणाले, "तू काय परकी आहेस? दे काय वाटेल ते."

"तुमचं मन किती मोठं आहे हो, काकू!"

मन मोठंच होतं. डोकं बेताचं होतं.

मापं द्यायला मुली आल्या. त्यांच्यात अध्यक्षीणबाईंची लेक होती, सतरा वर्षांची, दातांना तारा. तिने टेप माझ्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर लावली.

"काकू, इथे पॉकेट हवंय."

"नऊवारीला खिसा? तुझ्या पणजीच्या नऊवारीला होता का गं खिसा?"

"पणजीकडे फोन नव्हता ना, काकू."

मी ठामपणे नाही म्हटलं. मग रात्री आठवलं, माझी आजी कमरेला बटवा खोचायची आणि त्यात तंबाखू, सुपारी, चिल्लर, किल्ली असा निम्मा संसार असायचा. सकाळी उठून निऱ्यांच्या आड खिसा लावून बघितला. दिसेना. बावीसच्या बावीस साड्यांना लावला. दोरे, हूक, इलॅस्टिक, सगळं माझ्या पैशाने. मान अशी आखडली की गाडी रिव्हर्स घेताना मी देवावर भिस्त ठेवायचे.

मिरवणूक झकास झाली. बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षीणबाईंनी माइकवर सांगितलं, "काकूंनी कोणतीही अपेक्षा न ठेवता, निःस्वार्थ भावनेने सेवा केली." टाळ्या. खांद्यावर शाल आली, हातात शेंडीचा नारळ. मी रडले. फोटो आहे. त्यात मी इतकी कृतार्थ दिसते की तो फोटो मी फ्रिजच्या आत, लोणच्याच्या बरणीमागे चिकटवून ठेवलाय. कुणाला फुकट काहीतरी द्यायची ऊर्मी आली की फ्रिज उघडते.

त्या रविवारी मात्र काम केलं का याला 'नाही' म्हणायला बोट वळेना. बावीस काष्टे म्हणजे मदत असं मान म्हणू देत नव्हती. मी 'हो' केलं. कमाईत शून्य लिहिलं. कॉम्प्युटर अडला, भत्ता थांबला, ऑफिसला फोन करा म्हणाला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई फोनवर आली. इथल्या दक्षिणेतल्या बायकांचा असतो तसा आवाज, गुळाच्या पाकासारखा सावकाश. मला हनी म्हणायची. तिचं बोलणं मराठीत सांगते.

"हनी, काम केलं म्हणतेस आणि कमाई शून्य. काहीच नाही मिळालं?"

"एक शाल मिळाली. आणि एक नारळ."

"नारळ?"

"हो. शेंडीचा."

टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला. "हा नारळ तू विकणार आहेस का?"

"नाही हो, त्याच्या वड्या केल्या."

तिने तेही टाइप केलं.

"त्या लोकांनी पैसे द्यायला नकार दिला का?"

"नाही. विचारलं होतं त्यांनी. मीच नाही सांगितले."

"का?"

आपल्यात पैसे मागत नाहीत, असं मी इंग्रजीत सांगून बघितलं, ते माझं मलाच येडपट वाटलं.

ती म्हणाली, "हनी, काम नाही म्हणून बेकार असलेली माणसं मला दिवसभर फोन करतात. काम करकरून बेकार राहिलेली तू पहिलीच."

मग तिने भत्ता पुन्हा चालू केला आणि मला नीट समजावलं. इथून पुढे बारीकसारीक कामसुद्धा कळवायचं. मिळेल तेवढी कमाई सांगायची, त्या मानाने भत्ता कमी होत जाईल. "आणि एक दिवस तू आम्हाला कळवायचीच थांबशील," ती म्हणाली. "मला तरी तेच आवडेल."

आधीच्या फॉल-पिकोचंही मी तिला सांगून टाकलं, झुकिनीसकट. झुकिनीबद्दल मात्र तिने काही विचारलं नाही.

फोन ठेवला आणि मला असा राग आला म्हणता! अध्यक्षीणबाईंवर आला, त्या सर्फबोर्डवाल्यावर आला, आणि सगळ्यात जास्त त्या स्टेजवर रडणाऱ्या बाईवर. त्याच आठवड्यात जाऊन धंद्याचं नाव नोंदवलं. मशीनच्या खोलीच्या दारावर एका पुठ्ठ्यावर दर लिहून लावले. फॉल, पिको, ब्लाउज सैल करणे, शिवलेली नऊवारी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शाल-श्रीफळ स्वीकारले जाणार नाही.' आणि त्याखाली, जागा उरली म्हणून, 'झुकिनीही नाही.'

अध्यक्षीणबाई दिवाळीच्या कार्यक्रमासाठी चार साड्या घेऊन आल्या. पुठ्ठा वाचला. दोनदा वाचला.

"काकू, हे काय? आपल्यात पैसे?"

"हो, आपल्यातच. परके माझ्याकडे येतात कुठे?"

"नाही, म्हणजे, तुम्ही किती आपुलकीने करायचात. आता एकदम कमर्शियल..."

"अगं, तू इतक्या आपुलकीने प्रोजेक्ट मॅनेज करतेस. कंपनीने पगाराऐवजी शाल दिली तर चालेल का तुला?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "गणपतीत तुमचा सत्कार आम्ही मनापासून केला होता, काकू."

"मीही मनापासून रडले होते. आता फॉलचे पैसे दे."

चारही साड्या परत डिकीत गेल्या. त्यानंतर माझा सोफा रिकामा झाला. देवळात भेटलेल्या बायका शालू सावरत पलीकडच्या रांगेत जायला लागल्या. काकूंना पैशाची हाव सुटलीय, असं माझ्या कानावर आलं. ते मुलाच्याही कानावर गेलं, बेलव्ह्यूपर्यंत. कसं, ते विचारू नका. आपल्या लोकांना कुरिअर लागत नाही.

"आई, झालं ना? ट्राय केलंस. इट्स ओके. खोलीत नवीन गादी टाकलीय."

"भत्ता संपला का?"

"नाही, पण..."

"मग गादी तशीच प्लास्टिकमध्ये राहू दे."

ऐटीत बोलले. फोन ठेवल्यावर मात्र मी तो पुठ्ठा काढायला उठले होते. एक पिन काढलीसुद्धा. मग तहान लागली, पाण्यासाठी फ्रिज उघडला, लोणच्यामागचा तो फोटो दिसला. परत येऊन पिन पुन्हा टोचली. जरा जास्तच जोरात टोचली, अंगठ्याला लागली.

नोव्हेंबरात एका शनिवारी दाराची बेल वाजली. दारात अध्यक्षीणबाईंची लेक. एकटीच, आईची गाडी घेऊन आलेली. हातात फोन.

"काकू, तुम्ही रागावलात का आमच्यावर?"

"तुझ्यावर नाही."

"मग हे बघा." मिरवणुकीतला व्हिडिओ होता. लेझीम थांबताक्षणी बावीस मुली निऱ्यांत हात घालतात आणि बावीस फोन बाहेर काढून एकमेकींचे फोटो घेतात. तिने तो ऑनलाइन टाकला होता आणि खाली कुठल्या कुठल्या मुलींनी एकच प्रश्न विचारला होता, पॉकेटवाली नऊवारी कुठे मिळते? "अर्विंगच्या, म्हणजे पार दुसऱ्या स्टेटमधल्या, ढोलपथकाला तीस हव्यायत, काकू. मी त्यांना तुमचे रेट्स सांगितले. पॉकेटचे एक्स्ट्रा सांगितले."

"पॉकेटचे एक्स्ट्रा मी कुठे लावलेत?"

"मी लावले." तारा दाखवून हसली. "आणि अर्धे ॲडव्हान्स मागितले. मॉम तिच्या क्लायंट्सकडून तसंच घेते."

मी तिला आत घेऊन वडी दिली. विकतच्या नारळाची.

अर्विंगचा ॲडव्हान्स आला त्या रविवारी मी कॉम्प्युटरला सगळी कमाई सांगितली, शेवटच्या पिकोपर्यंत. भत्ता शून्य आला. अजून काही आठवडे शिल्लक असताना शून्य! मी तुपात शिरा केला आणि एकटीने सगळा खाल्ला. त्यापुढच्या रविवारी कळवायचंच थांबले. महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं भरलं, माझ्या मशीनवरचं. अर्विंगची पोरं फोनवर पंचवीस पर्सेंट ऑफ मागत होती. मी म्हटलं, बाळांनो, इथे ऑफ फक्त मशीन होतं, तेही रात्री दहाला.

अध्यक्षीणबाई गुढीपाडव्याच्या आधी आल्या. पुठ्ठ्याकडे न बघता टेबलावर साड्या ठेवल्या, पैसे ठेवले, आणि म्हणाल्या, "पावती द्याल ना, काकू?" मी दिली. आता दर वर्षी येतात. घासाघीस करतात, मला आवडतं. घासाघीस गिऱ्हाईकाशी होते, सेवेकऱ्याशी नाही.

मुलाला मी भाडं भरलं त्याच दिवशी फोन केला होता. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण मी हॅलोच्या आधीच ओरडले, "भरलं!" मागे नातवंडं भांडत होती. तो हसला की त्याने सुस्कारा सोडला, ते मला कळलं नाही. म्हणाला, थांब, उद्या फोन करतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधी त्याने फोन केला आणि एवढंच बोलला:

"आई, तुझ्या खोलीत आम्ही ट्रेडमिल आणून ठेवली. बाथरूम अजून सेपरेटच आहे, पण आता भेटायलाच ये."