फिनेलनं धुतलेलं तळं

नांदेडच्या स्टँडवर भल्या सकाळी लोखंडी शेगडी मांडीवर घेऊन बसलेली बाई मीच. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लातूरच्या एका ट्यूशनवाल्यांच्या वसतिगृहात वर्षभरापूर्वी मी एक उद्योग सुरू करून दिला होता. मोरीचं पाणी मागच्या तळ्यात सोडायचं, तिथली जलपर्णी आणि शेवाळ ते निवळवणार, मग तेच काढून, चिरून शेणाबरोबर बंद टाकीत कुजवायचं आणि निघालेल्या गॅसवर स्वयंपाक करायचा. गॅस साठलाय, शेगडी घेऊन या, असा निरोप आला होता. मालकांनी वर अटही घातली होती की आज ज्योत दिसली नाही, तर तळं बुजवून वर्ग बांधणार.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, गाडीतच सैपाक करून राहिल्या का?"

"अजून पीठ मळायचंय," मी म्हटलं. तो हसला नाही. शेगडीचं लगेज मात्र लावलं.

लोह्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. अहमदपूरला सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) खाल्ली, ती इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. पुढे रस्ताभर ट्यूशनच्या रंगवलेल्या भिंती. प्रत्येक भिंतीवर कुणाचं तरी पोर डॉक्टर झालेलं.

वसतिगृहाच्या दारात रांगोळी होती आणि फिनेलचा वास येत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. मागे जाऊन पाहते तर तळ्यात हिरवं पानही नाही.

व्यवस्थापक कौतुकानं सांगू लागले, "तुम्ही येणार म्हणून चार दिवस राबलो. घाण सगळी काढली. टाकीत वास लई मारीत होता, तो सोडून दिला. ब्लिचिंग टाकून आतून धुतली."

"अहो, तो वास म्हणजेच गॅस. आणि तो करणारे जिवाणू त्या घाणीतच होते."

"पण पाहुण्याला घाणीत उभं करावं कसं?"

वर्षभर तक्ते लावून शिकवलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मालक आले. "ज्योत कुठंय?"

"तुमच्या माणसांनी धुऊन टाकली."

"मग वर्गच बांधतो. पोरांना बसायला जागा न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात मुक्ताबाई खोकत उभ्या होत्या. भूकंपात किल्लारीकडचं घर गेल्यावर त्या इथे स्वयंपाकाला लागल्या. एवढ्या पोरांच्या भाकरी लाकडांवर थापून छाती धुरानं भरलेली. तळं गेलं की चूल त्यांच्या नशिबी कायमची. त्यांनी आम्हाला कोठीमागे नेलं आणि एका ड्रमवरचं पोतं बाजूला केलं. आत टाकीतलाच काळपट हिरवा काला होता.

"समदं सांडून राहिले व्हते. म्या येवढं काढून ठिवलं. इरजण (विरजण) कुणी संपवतं का?"

मालकांनी ड्रममध्ये वाकून पाहिलं. "एक महिना," एवढंच म्हणाले.

"तवर खोकते म्या," मुक्ताबाई म्हणाल्या.

शेगडी त्यांच्याकडे ठेवून मी रिकाम्या हातानं परत निघाले. वाटेत स्वतःचाच राग येत राहिला. इतकी वर्षं जिवाणू शिकवते, पण थोडं मागे राखून ठेवा हे सांगायचं मला सुचलं नव्हतं.

महिना भरायच्या आत एसटीडी बूथवरून मुक्ताबाईंचा फोन आला. "मॅडम, पेटला. निळा हाय. मालकानं त्येच्यावरचा च्या पेला. बघाया या."

"येते. कधी येऊ?"

"कवा बी या. पर सांगून नका येऊ."