थंडीच्या झाडाचा राखणदार

“या भाऊ, आत या. थोडी थंडी खाऊन जा.”

सौदीतल्या अल खर्जच्या भर उन्हात, एका मळ्यावरच्या काचघराचं दार किलकिलं करून तिथले माळी चाचा असं म्हणायचे. अंगात लोकरी स्वेटर, डोक्याला माकडटोपी. बाहेर डांबर पातळ होतंय आणि हा गृहस्थ नाक ओढतोय! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी कूलिंगचा मेकॅनिक. महिन्यातून एकदा तिथली यंत्रं तपासायला जायचो, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लावायचो.

काचघरात झाड एकच. पाटीवर ‘सदर्न बीच’; समुद्रकिनारा नव्हे, झाडाचंच नाव. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाचं. बर्फात उभं राहतं, तरी हिरवंच. कफीलनं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर चाचा आले होते त्या अरब मालकानं, हौसेनं तीन आणली होती. दोन मेली, तिसरं चाचांनी जगवलं.

चाचा रत्नागिरीकडच्या बंदरातले. मी विचारलं, “याला धरतं काय?”

“खायसारखा काय नाय. तिकडं ह्याच्या होड्या करतात म्हणे, घरं बांधतात, जळणाला पण घेतात. इथं उपेग एकच, शेठनं पाव्हण्यांना दाखवायचा.” मग टोपी सारखी करत म्हणाले, “माझा पण तोच.”

चार वर्षं ते घरी गेले नव्हते. कफीलच्या परवानगीशिवाय जाता येईना, आणि कफील म्हणे, झाड कोण बघणार? दोनदा बदली माणूस आला. दोन्ही वेळा झाड मलूल झालं आणि चाचांची रजा खलास. “मन लावून काम केला, तीच चूक झाली भाऊ,” ते हसत सांगायचे. मला ते हसणं ऐकवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या मुलीचा निकाह ठरला. ‘मी येणार’ असा शब्द त्यांनी तिला दिला होता. कफील म्हणाला, उन्हाळा संपू दे.

त्याच आठवड्यात कॉम्प्रेसर बंद पडला. लागणारा पार्ट माझ्या गाडीत होता. मी मळ्याच्या मॅनेजरला सांगितलं, मिळायला तीन दिवस लागतील. झाड गेलं की माणूस सुटेल, एवढं साधं माझं गणित. चाचांना मात्र खरं सांगितलं नाही, त्यांना ते पटलं नसतं.

आणि चाचांनी काय करावं? मासळीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. बंदरावर मासळी राखतात तसा बर्फ फोडून बुंध्याभोवती रचला, वर ओलं गोणपाट टाकलं. तीन दिवस पाठ टेकली नाही.

“चाचा, जाऊ द्या ना ते झाड,” मी चिडून म्हणालो. “तुम्ही तरी सुटाल.”

“झाडानं काय केलंन, भाऊ? त्याला तरी कुठं घरी जाता येतंय?”

तेव्हा तरी मी गाडीकडे जायला हवं होतं. गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पानं तांबूस पडली आणि चाचा ओक्साबोक्शी रडले.

कफील आला. त्यानं झाड बघितलं, जमिनीवरचं पाणी बघितलं, चाचांचे बर्फानं सोललेले हात बघितले. माणूस वाईट नव्हता, त्याचेही डोळे भरून आले. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, असा माणूस मी सोडेन कसा? आणि त्यानं नवी दोन रोपं मागवली.

पार्ट मी त्याच दिवशी बसवला.

निकाह चाचांनी व्हिडिओ कॉलवर पाहिला. काचघरात फोन मी धरला होता, समोर रोपांमध्ये चाचा उभे. तिकडून मुलीनं विचारलं, “अब्बा, स्वेटर घातलाव? तिकडं एवढी थंडी हाय?”

“हाय गो,” चाचा म्हणाले. “लय थंडी हाय.”

पुढच्याच महिन्यात माझी बदली जेद्दाला झाली. निरोप घ्यायला गेलो, खरं सांगायचं ठरवूनच गेलो. चाचांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गार होते.

“त्या पार्टसाठी तुम्ही लय धावपळ केलीत, भाऊ,” ते म्हणाले. “मी विसरणार नाय.”